तुझ्या फॉर्मवर मी लिहिलेलं ‘नाही’

छबूमावशी, तुला दिलेला शब्द मी आज मोडतेय.

हॉस्पिटलच्या खाटेवर तू माझं मनगट धरलं होतंस. हातात जोर उरला नव्हता, तरी धरलं होतंस. "प्राजूचं लगीन हुईपर्यंत माझ्या आईचं कुनापाशी बोलायचं न्हाई. रेशमे, व्हय म्हन." तुझी आई, म्हणजे माझी आजी, कशानं गेली ते मी कुणाला सांगायचं नाही, एवढंच तुला हवं होतं. मी ‘व्हय’ म्हणाले. वर्षभर तुझ्याशी भांडले आणि त्या दिवशी एका शब्दात हरले.

तुला जाऊन बारा दिवस झाले आणि मी लिहायला बसलेय. तुझ्या लेकीला विचारूनच. प्राजू म्हणाली, "लिही. माझंही नाव घाल. अर्धवट लिहू नकोस." तेव्हा चिडायचं असेल तर दोघींवर चिड.

तुझ्या सासरी, रिह्यात, बाया काय बोलतात ते ऐक. तुझ्या तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळ दोघी-तिघी बोलत होत्या, मी मागे उभी होते. "छबीनं जलमात मिश्री लावली न्हाई. तंबाकू न्हाई, काय न्हाई. तरी गेलीच की. मंग आमी तरी कशाला सोडायची?" तंबाखू तव्यावर काळीकुट्ट भाजायची, तिची पूड करायची आणि दात घासायच्या नावाखाली दिवसातून चारदा हिरड्यांना चोळायची, ही मिश्री. तिच्या विरोधात मी तीन वर्षं ह्या खोऱ्यात पत्रकं वाटली. माझी तीन वर्षं आणि तुझं मरण, दोन्ही एका वाक्यात वाया.

पुढे होऊन भांडायला हवं होतं मी. एरवी भांडलेच असते. पण मागच्या मागे निघून आले. कारण त्या बायांना हे गणित शिकवणारी मीच होते, मावशी. आठवतंय ना?

मी मारुंजीची. तंबाखू सोडवणाऱ्या संस्थेची पिशवी खांद्यावर. खोऱ्यातल्या घरांत मला कोण उभं करणार? तू केलंस. पहिल्या दिवशी डोक्यावरच्या पाटीत माझ्या पत्रकांचा गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घेतलास आणि दारोदारी हाळी दिलीस, "अगं ए, बाहीर या! माझ्या भनीची पोर आलीया, तुमची डबी फेकून द्याया!" बाया हसत बाहेर आल्या. मी बोलायला लागले आणि पाच मिनिटांत त्या कंटाळल्या. तेव्हा मला सुचलं. मी तुझा दंड धरून तुला पुढे ओढलं. "माझ्या मावशीकडे बघा. मिश्री नाही, तंबाखू नाही. घरचा तांदूळ, नाचणीची भाकरी, रानातली भाजी. दिवसभर पायावर. हिला कधी दवाखाना दिसलाय का?" तू पदर तोंडाला लावून लाजलीस. बाया म्हणाल्या, "व्हय बाई, छबी कशी खणखणीत हाय." पुढे प्रत्येक दारात मी हेच केलं. माझ्याकडे चित्रांचा तक्ता होता, पण तुझ्याइतका तो पटत नव्हता.

माणसाला पत्रक करून फिरवलं मी. कॅन्सर वाईट सवयीवाल्यांना होतो, चांगल्या बाईला होत नाही, असं छापलं नव्हतं कुठे. पण मी तुझा दंड धरून उभी राहिले की नेमकं तेच ऐकू जायचं. आणि सगळ्यांत जवळून तूच ऐकत होतीस. प्रत्येक दारात. तीन वर्षं.

तसं पत्रक तूच माणसात आणलंस म्हणा. पहिल्या छपाईत ‘धूररहित तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन’ असं होतं. तू चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचलंस आणि म्हणालीस, "ह्ये काय गं? कोनाला श्या दिल्यात का? मिश्री लिव की सरळ." मी सरळ लिहिलं. ‘रोज चालण्याचा व्यायाम करा’ ह्या ओळीवर तर तू पोट धरून हसलीस. "फारमहाऊसच्या दोन जिन्याची फरशी पुसून, सैपाक करून, डोंगराच्या कडंनं घरी येतीया. मी काय इमानातनं फिरती का गं?" पुढच्या छपाईत मी ती ओळ आयटी-कॉलेजवाल्यांच्या पत्रकात हलवली. लवळ्याच्या कॉलेजपाशी, टपरीवर सिगारेटी फुंकत उभ्या असलेल्या पोरापोरींना वाटायला. तिथे ती बरी शोभली.

आता फॉर्मबद्दल. त्यासाठीच लिहायला बसलेय.

संस्थेनं बायकांच्या तपासणीचं शिबिर घ्यायचं ठरवलं होतं. त्याआधी घरोघर फॉर्म भरायचे. मी तुझ्या ओट्यावर बसले होते. तू सुपात तांदूळ पाखडत होतीस. आत प्राजू साडी नेसत होती, कारण त्याच दिवशी दुपारी पिरंगुटकडचे पाहुणे तिला बघायला येणार होते. पहिला प्रश्न वय. दुसरा तंबाखू. तिसरा प्रश्न: आई, बहीण, मावशी, आजी, आत्या, कुणाला कॅन्सर झाला होता का?

सूप थांबलं. हे मला आज कळतंय. तेव्हा फक्त आवाज बंद झाल्याचं जाणवलं होतं. मग तू म्हणालीस, "न्हाई. लिव न्हाई."

मी लिहिलं. मान वर न करता. मला घाई होती, पुढे नऊ घरं होती. मान वर केली असती तर तू आतल्या दाराकडे, प्राजूकडे बघत होतीस ते दिसलं असतं. आणि मला काय वेगळं वाटणार होतं? आजी कावीळ होऊन गेली असं मी जन्मापासून ऐकत आलेय. तुझ्याकडून. माझ्या आईकडून. दोघी बहिणींनी मिळून ती कावीळ इतकी वर्षं सांभाळली. आजी गेली तेव्हा तुम्हा दोघींची लग्नं व्हायची होती. ‘आईला छातीत गाठ होती’ असं कुणी बोललं असतं तर तुम्हाला कुणी करून घेतलं नसतं. आपल्याकडे सोयरीक जमवताना जमीन विचारतात, देवक विचारतात, आणि आडून आडून विचारतात, घराण्यात काही आजारबिजार? त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. ते तुला तुझ्या वडलांनी शिकवलं, आणि तू मला लिहायला लावलंस.

शिबिरात ज्यांच्या फॉर्मवर तिसऱ्या प्रश्नाला ‘आहे’ होतं, त्यांना आधी बोलावलं. तुला बोलावलंच नाही.

गाठ तुला आवणीच्या वेळी लागली. भाताची रोपं लावताना चिखलात वाकलीस की पदराखाली काहीतरी टोचायचं, असं तू नंतर डॉक्टरीणबाईंना सांगितलंस. आवणी गेली, तण काढायची बेणणी गेली, भात कापून झोडून झालं. तू रुईचं पान गरम करून बांधत होतीस. वर माझ्याबरोबर दारोदार फिरत होतीस! भाद्रपदात एका दारात मी पुन्हा तुझा दंड धरला, ‘माझ्या मावशीकडे बघा’ म्हणून, आणि तू हात झटकन सोडवून घेतलास. "राहू दे की आता, सारखं काय बघा-बघा." मला वाटलं तू लाजलीस.

मावशी, तो डावा हात होता. मी त्याच बाजूला उभी होते.

दिवाळीत तू आमच्याकडे मारुंजीला आलीस. पहिल्या आंघोळीला आई तुला तेल लावत होती. पाठीला लावलं, खांद्याला लावलं, आणि काखेकडे हात गेल्यावर आईचा हात थांबला. मी उटणं कालवत होते. आईनं तुला काही विचारलं नाही. ती नुसती खाली बसली, ओल्या फरशीवर, आणि म्हणाली, "छबे, आईवानी?" तू म्हणालीस, "व्हय. तसलीच हाय."

त्या एका वाक्यात मला माझ्या आजीचा आजार कळला. माझी मीही त्याच वेळी कळले मला, थोडी. पण ते नंतर.

पुढचं सगळं शहरात झालं. आमच्या भागातली रिक्षा, हिंजवडीच्या चौकातली कोंडी, हॉस्पिटलचा तिसरा मजला. किमोच्या खुर्चीवर बसून तू सिस्टरला इंद्रायणी भाताचं बियाणं कसं राखायचं ते सांगायचीस. कापणीआधी वावरात फिरून भारी लोंब्या वेगळ्या काढायच्या, भेसळ दिसली की रोप मुळासकट उपटायचं. ती बिचारी सलाईन लावता लावता हसायची. "मावशी, तुम्ही तर शास्त्रज्ञच निघालात."

बियाण्याचं तुला आमच्यापेक्षा जास्त कळायचं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं तुला, की पुष्कळ बायकांत हा आजार रक्तातून आलेला नसतो, पण काही घरांत एक दोष आईकडून किंवा बापाकडून लेकरात येतो. प्रत्येक लेकरात येण्याची शक्यता निम्मी. आला म्हणजे आजार होणारच असं नाही, पण धोका खूप वाढतो. तो कळला तर लेकीला लवकर आणि नीट तपासत राहता येतं, इतर उपायही असतात. त्यासाठी आधी तुझं रक्त तपासलं तर सगळ्यांत बरं, कारण आजार तुला आहे. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "म्हंजी आमचं बीच तसलं. त्ये मला ठावं हाय. कागदावर कशाला पायजे?"

"प्राजूसाठी पाहिजे!" मी ओरडले. वॉर्डातली माणसं बघायला लागली.

"प्राजूसाठीच नको म्हनतीया."

तू रक्त दिलं नाहीस. सहा वेळा विचारलं, सहा वेळा नाही. त्यासाठी मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे, हे मेलेल्या माणसाला सांगायची पद्धत नसली तरी सांगते. एका सुईचं काम होतं. आता प्राजूला चाचपडत जावं लागणार. तिची तपासणी निघेल तशी निघेल, पण शोधायचं काय, हे जे रक्त सांगू शकलं असतं, ते आपण जाळून आलो.

आणि मग ते भांडण. आपलं शेवटचं. अर्धंच राहिलं.

केस गेले होते तुझे. जावळ काढलेल्या बाळासारखं डोकं. मी संत्रं सोलत होते. तुझ्या उशाला माझं पत्रक होतं, त्याची घडी घालून तू त्यात गोळ्या ठेवायचीस. तू ते उलगडलंस. गोळ्या ओंजळीत घेतल्यास. आणि वरच्या मोठ्या अक्षरांवर बोट ठेवून वाचलंस, "सवय सोडा, कॅन्सर टाळा." मग माझ्याकडे बघितलंस. रागानं नव्हे. राग असता तर मी तोंड दिलं असतं.

"रेशमे, मी काय टाळलं न्हाई, त्येवडं सांग."

मी संत्र्याच्या शिरा काढत राहिले. एकेक शीर. तू वाट बघितलीस. मग गोळ्या पुन्हा घडीत ठेवल्यास आणि म्हणालीस, "आंबाट हाय का बघ आधी. आंबाट असलं तर तू खा."

असं कसं गं बोलून गेलीस?

परवा तुझा दहावा झाला. ओढ्याकाठी सगळी जमली होती. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. माझा ह्यावर विश्वास नाही, तुला ठाऊक आहे. पण लोक एकेक करून पुढे येऊन तुला शब्द द्यायला लागले. काका, तुझे मालक, म्हणाले, "म्हशीची काळजी करू नगं." मामा म्हणाले, "प्राजूचं लगीन आमी थाटात लावू." कावळे झाडावरच. तेव्हा तुझी सासू, बसल्या जागेवरून, सगळ्यांदेखत मला म्हणाली, "ए पत्रकवाले. मी साठ वरसं मिश्री लावली, मी हितं बसलीया. माझ्या सुनंनं बोट लावलं न्हाई, ती त्या पिंडात. तुजं पत्रक चुकलं का द्येव चुकला?" आणि रडायला लागली. डबी कनवटीला होतीच तिच्या.

तेवढ्यात प्राजू पुढे गेली. वॉर्डातली आपली भांडणं तिनंही ऐकली होती. तिची होणारी सासू बायांत उभी होती, पिरंगुटहून आली होती. प्राजूनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि मग पिंडाकडे तोंड करून बोलली. फार मोठ्यानं नाही, पण ओढ्याला पाणी कमी होतं, सगळ्यांना ऐकू गेलं.

"आई, तुझ्या आईला पण हेच झालं होतं. तू लपवलंस, माझ्यासाठी. मी लपवणार नाही. मी तपासून घेणार आहे. तू काळजी करू नको."

बाया दोन पावलं मागे सरकल्या. थोड्या वेळानं कावळा शिवला. मी त्याचा काही अर्थ लावत नाही. माणसं मागे सरकली की कावळे खाली येतात.

पिरंगुटच्या बाईंनी प्राजूच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "बघू." चहा घेतला नाही, गाडी थांबलीय म्हणाल्या. अजून फोन नाही. येईल की नाही ठाऊक नाही. तू ह्याच फोनला घाबरत होतीस, आणि तुझं भय खोटं नव्हतं, हे मला मान्य करावं लागतंय. चूक तुझ्या भयाची नाही. बाईच्या रक्तातला आजार म्हणजे तिचा कलंक असं मानणाऱ्यांची आहे. आणि आजार म्हणजे तिची सवय, असं ओरडत फिरणाऱ्या माझी.

तुझ्या सासूला मी काल उत्तर दिलं. तिच्या खाटेपाशी बसून, तुझ्याच बियाण्याच्या भाषेत. म्हणाले, आजी, एकाच वावरात दोन बियाणं पेरली. एक चिवट, एक रोगाला बळी पडणारं. चिवट बियाण्याला खतपाणी वाईट मिळालं तरी ते कधी कधी तगतं. नाजूक बियाण्याची निगा ठेवली तरी कधी कधी ते जातं. म्हणून निगा ठेवायचीच नाही का? तुम्ही तगलात. तुमच्याबरोबर मिश्री लावणाऱ्या सगळ्या तगल्या का, आठवून बघा. म्हातारीनं कनवटीची डबी चाचपली. मग हळूच म्हणाली, "माझी जाऊ. गाल सडला हुता तिचा." डबी सोडली का विचारू नकोस. सोडलेली नाही. पण काल माझ्यासमोर काढली नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून बाकी आहे. मी काय टाळलं नाही, सांग.

काहीच नाही, मावशी. तुझ्या हातात जेवढं होतं तेवढं सगळं तू केलंस. तंबाखू टाळलीस, दारूचा प्रश्नच नव्हता, अंग मोडून काम केलंस, प्राजूला पोटभर दूध पाजलंस. त्यानं धोका कमी होतो. संपत नाही. मला हे त्याच दिवशी म्हणता आलं असतं. ‘तुझी चूक नाही’, एवढे तीन शब्द. मी सोललेलं संत्रं तुझ्या हातात दिलं आणि गप्प बसले, कारण हे शब्द म्हटले की माझं पत्रक चुकीचं ठरेल असं मला वाटलं. पत्रक वाचवलं मी, मावशी. तुझ्यापुढे.

आता ते बदललंय. ‘सवय सोडा’ राहिलंय, मिश्री, गुटखा, सिगारेट सगळ्यांवर, आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत. ‘कॅन्सर टाळा’ खोडलंय. त्या जागी ‘धोका कमी करा’ लिहिलंय. त्याखाली: ‘तरीही झाला तर ती तुमची चूक नाही. गाठ लागली तर कापणीची वाट बघू नका. आईच्या माहेरचा आजार लपवू नका.’ छापखान्यातला माणूस म्हणाला, ताई, मजकूर लांबला. मी म्हणाले, लांबू दे.

आज सकाळी आई तुझ्या घरचा तांदूळ निवडत होती. तू पाठवलेल्या शेवटच्या पोत्यातला. मी तिच्यासमोर फॉर्म घेऊन बसले. ह्या वेळी माझ्याच नावाचा. वय लिहिलं. तंबाखू, नाही. तिसऱ्या प्रश्नापाशी आले आणि पेन खाली ठेवलं. मान वर केली. आईकडे बघितलं आणि विचारलं.

आईचा हात तांदळात थांबला. तेव्हा तुझं सूपही असंच थांबलं असणार.

"लिव," आई म्हणाली. "माझी आई. छातीत."

मी लिहिलं.

"माझी भन. छबू. छातीत."

ते लिहायला वेळ लागला. अक्षर वेडंवाकडं आलंय, तू हसली असतीस.

"अजून कुणी?" मी विचारलं. मान वरच ठेवली.

आईनं मांडीवरचं ताट बाजूला सरकवलं, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "आता दुसरा फॉर्म काढ. माझा."